गुरांच्या काट्यावरचा मिलो

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. पण तुमच्या न्हाणीघरातल्या चपट्या काट्यांशी माझं नातं जोडू नका, मी गुरांचा काटा आहे. नेब्रास्काच्या गवताळ टेकड्यांमधल्या एका गावी दर गुरुवारी गुरांचा लिलाव भरतो, तिथे मी सत्तर वर्षं पाय रोवून उभा आहे. माझी लोखंडी दांडी दूर पूर्वेकडच्या कारखान्यात घडली. ओकच्या फळ्यांचा पाट इथल्या सुताराने बसवला. पाट आजवर तीनदा बदलला, दांडी मात्र तीच आहे.

माझ्या पाटावर माजलेले वळू उभे राहिले, भाकड गाई उभ्या राहिल्या. लाथा खाल्ल्या, शेण सोसलं. पण वजनात एका पौंडाचाही फरक कधी पडू दिला नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. दहा वर्षांपूर्वी पलीकडे विजेचा मोठा काटा आला आणि कळपच्या कळप तिकडे जाऊ लागले. माझ्या वाट्याला उरलं एखादंच सुटं जनावर. सरकतं वजन दांडीवर ढकलून चिठ्ठी छापणारी डोरीन हॅस्केल तेवढी मला सोडून गेली नाही. वय सत्तर, जीभ चाबकासारखी, आणि एकेचाळीस वर्षांत तिने एकही खोटी चिठ्ठी फाडली नाही.

अशाच एका मे महिन्यात, लिलावाआधी, मिलो कुबिचेक माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मिलो गुरांचा खरेदीदार. नुसत्या नजरेने जनावराचं वजन पाच पौंडांच्या आत सांगणारा, अख्ख्या जिल्ह्यात नावाजलेला. पण त्याचं स्वतःचं वजन दवाखान्यातल्या काट्यात मावत नव्हतं, तो काटा साडेतीनशेलाच संपायचा. दोन्ही गुडघे झिजले होते. गुरांमध्ये फिरणं बंद झालं होतं, आणि गुरांमध्ये न फिरणाऱ्या खरेदीदाराला कोण विचारतो? शहरातल्या सर्जनने साफ सांगितलं होतं, “चारशेच्या खाली या, दहा ऑक्टोबरला गुडघा बदलू. नाहीतर नाही.”

मिलो पाटाकडे बघत होता आणि पाय पुढे पडत नव्हता.

“चढ ना!” डोरीन ओरडली. “अरे, दोन हजार पौंडांचा वळू इथे निर्लज्जासारखा उभा राहतो. तू कसला लाजतोस?”

“वळूला कोणी बारीक हो म्हणत नाही, डोरीन.”

“म्हणून तर तो खाटकाकडे जातो. चढ!”

चारशे सत्त्याऐंशी भरला. डोरीनने आकडा मोठ्याने वाचला नाही, चिठ्ठी घडी करून त्याच्या खिशात घातली. तिचं ते वागणं मला फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी गावची डॉक्टर, इंग्रिड सोलबर्ग, मला तपासायला आली. आधी स्वतः चढली, मग पन्नास पौंडांचं ठरीव वजन हातात घेऊन चढली, आणि समाधानाने मान हलवली. इतकी वर्षं सेवा केली, पण माझी अशी अदबीने परीक्षा कोणी घेतली नव्हती. तिने मिलोला जेवणाऐवजी पाण्यात घोळून प्यायची पौष्टिक पुडी ठरवून दिली, सोबत भरपूर पाणी, आणि दर पंधरा दिवसांनी रक्ताची तपासणी.

माझ्याशेजारच्या बाकावर कॉफी पीत बसणाऱ्या म्हाताऱ्या वॉल्टला हे पटलं नाही. “डॉक्टर, इतक्या झपाट्याने उतरवणार? माझी आई म्हणायची, सावकाश उतरलेलंच टिकतं.”

“तुमच्या आईने चारशे सत्त्याऐंशी पौंडांचा माणूस पाहिला होता का?” डॉक्टर हसून म्हणाली. “एवढ्या जड माणसाचं वजन सुरुवातीला भराभर उतरतं, आणि त्यातलं बरंचसं पाणीच असतं. पुढेही वेगाने उतरलं तर साखर, रक्तदाब, गुडघे, सगळ्यांना सुख होतं. पण पित्ताशयात खडे होऊ शकतात, रक्तातले क्षार घसरतात, चरबीबरोबर मांसही जातं. म्हणून मी लक्ष ठेवणार. वेगाला मी भीत नाही. कोणी बघत नसताना घेतलेल्या वेगाला भिते.”

पहिल्याच गुरुवारी सोळा पौंड कमी भरले. मग दर आठवड्याला चार, कधी पाच. मित्रांनो, मिलोचं मला मनापासून कौतुक वाटतं. लिलावाच्या दिवशी इथल्या उपाहारगृहात मांस-राजम्याच्या तिखट चिलीबरोबर दालचिनीचा गोड रोल मिळतो. त्याचा वास माझ्या फळ्यांत मुरला आहे, तर माणसाचं काय होत असेल! मिलो त्या दारावरून जायचा आणि बाटलीतली फिकी पुडी घोटाघोटाने संपवायचा. जूनमध्ये त्याने बुटांची नाडी स्वतः बांधली आणि ती दाखवायला डोरीनकडे आला.

ऑगस्टमध्ये मात्र तो चारशे एकतीसवर अडकला. एक गुरुवार गेला, दुसराही गेला. तिसऱ्या गुरुवारी मी चारशे सतरा दाखवले. एका आठवड्यात चौदा पौंड! बाकावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. वॉल्टने टोपी काढली. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू?

पुढच्या गुरुवारी मिलो पाटावर चढला तेव्हा त्याचे ओठ सुकलेले होते. डोरीनने वजन सरकवलं आणि तेवढ्यात तो माझ्यावर कोसळला. माझी दांडी धाडकन आपटली. वॉल्ट म्हातारपण विसरून रस्त्यापलीकडच्या दवाखान्याकडे धावला. डॉक्टर आली, नाडी पाहिली, आणि तिचा चेहरा उतरला. ठोके चुकत होते.

डोरीन त्याच्याजवळ गुडघे टेकून बसली. “पाणी कधीपासून प्यायला नाहीस?”

मिलोने तोंड फिरवलं.

“मिलो, मी विचारतेय.”

“मंगळवारपासून... मागच्या आठवड्यातही तसंच. पुडीही निम्मीच घ्यायचो.”

गुरांच्या बाजारातल्या माणसाला ही गोष्ट सांगावी लागत नाही. जनावराला रात्रभर पाण्यावाचून उभं केलं की वजन घटतं. विकणारा पाणी पाजून आणतो, घेणारा तहानलेलं ठेवूनच तोलायला लावतो. वीस वर्षं हट्टाने तसंच तोलून घेणारा मिलो आता तीच युक्ती स्वतःवर करत होता.

“गाढवा!” डोरीन रडत ओरडली. “ती घट असते, कमाई नसते! बैलाला दुसऱ्या दिवशी पाणी पाजतोस ना? मग स्वतःला का नाही?”

“तारीख जाईल, डोरीन. मला परत गुरांत चालायचंय गं.”

मला माझ्या लोखंडाची लाज वाटली. चौदा पौंड मी अचूक सांगितले होते. त्यातली चरबी किती आणि पाणी किती, हे मला कळत नव्हतं, आणि मी मिरवत होतो. त्याला सलाईन लागलं. पुढच्या गुरुवारी तो चारशे अठ्ठावीस भरला. बाकावरून कोणीतरी म्हणालं, “विकायला आणलाय वाटतं, पाणी पाजून!” त्यावर सगळ्यात मोठ्याने मिलोच हसला. डॉक्टरने पुडी वाढवली, तपासणी आठवड्याची केली. वजन पुन्हा आठवड्याला चार-पाच पौंडांनी उतरू लागलं.

दहा ऑक्टोबर तोंडावर आला. सर्जनला शेवटची चिठ्ठी पाठवायची होती. त्या सकाळी मिलो चढला आणि दांडी चारशे एकवर स्थिरावली. वॉल्ट हळूच म्हणाला, “डोरीन, बोटभर सरकव की. दोनच पौंडांचा तर प्रश्न आहे.”

डोरीनने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती मिलोकडे बघत होती. “सकाळपासून पाणी प्यायलास?”

“नाही.” मिलोने मान खाली घातली. “आज एकच दिवस म्हटलं.” मग तो उतरला, नळाखाली पाण्याचा मोठा जग भरला, सगळ्यांसमोर शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि पुन्हा माझ्यावर उभा राहिला. “आता तोल.”

चारशे तीन.

डोरीनने चारशे तीनचीच चिठ्ठी छापली. मी आयुष्यात हजारो जनावरं तोलली, पण इतका भारदस्त माणूस माझ्यावर दुसरा उभा राहिला नाही.

तारीख गेली. पण सर्जनने रक्ताचे अहवाल पाहून दुसरी दिली, सहा आठवड्यांनंतरची. तोवर मिलो तीनशे शहाऐंशी झाला होता. एक गुडघा हिवाळ्यात बदलला, दुसरा येत्या उन्हाळ्यानंतर बदलायचा आहे.

वसंतातल्या एका गुरुवारी तो काठी टेकत आला, फाटक उघडलं आणि सरळ गुरांच्या गर्दीत शिरला. एका कालवडीच्या पाठीवर हात फिरवत तो वॉल्टला काहीतरी ओरडून सांगत होता. डोरीन चिठ्ठी घेऊन माझ्यापाशी थांबली होती. तो वजन करायला आलाच नाही, विसरून गेला. डोरीनने कोरी चिठ्ठी खिशात टाकली आणि बाहीने डोळे पुसले.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. वजन उतरवायचं असेल तर जाणत्या माणसाला सोबत घ्या, आणि आमच्यासारख्या काट्यांना खूश करायला कधी तहानलेले येऊ नका. आम्हाला नुसता भार कळतो. तुम्ही बरे आहात की नाही, हे तुम्हाला हाताला धरून विचारणाऱ्यालाच सांगा.