बसल्या मापाचं जॅकेट

बस बांधणाऱ्या कारखान्यात सगळे तिला मास्तरीण म्हणत, कारण सीटची कव्हरं बेतण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. मालकालाही ती तोंडावर सुनवायची. पण परवा घरी नवरा लेकीवर गरजला, तेव्हा याच मास्तरणीच्या तोंडाला कुलूप लागलं.

"सोमवारी त्या फटफटीवरून गेलीस, तर परत या दारात यायचं नाही! आणि घरातल्या कुणीही त्या गाडीला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो!"

कुणीही म्हणजे कोण, तर ही एकटी. लेक लिफ्ट दुरुस्त करायची. नवी नोकरी चारशे किलोमीटर लांब मिळालेली, आणि जायचं ते आपल्याच मोटरसायकलवरून, हे तिने पक्कं केलेलं. तिने आईकडे पाहिलं. आई आपली ताटं उचलत राहिली. त्या गप्प बसण्याची मास्तरणीला अशी काही चीड आली, की दोन दिवस ती स्वतःवरच धुमसत होती. शनिवारी अर्ध्या दिवसाने सुट्टी होताच ती तडक जॅकेटांच्या दुकानात शिरली.

"लेकीला भेट द्यायचंय. चामड्याचं, चांगलं."

दुकानदाराने गुलाबी पट्ट्यांचं मऊसूत जॅकेट पुढे केलं. "हे बघा, खास लेडीज!"

तिने अस्तर उलटं केलं, शिवणीवर नख फिरवलं आणि जॅकेट परत सरकवलं. "एकेरी टीप! हे घालून फोटो काढायचे, दुसरं काय? रस्त्यावर घासली तर पोरगी एकीकडे आणि बाही दुसरीकडे. कामाचं दाखवा."

दुकानदाराचं हसू मावळलं, पण माणूस जाणकार निघाला. त्याने आतून काळं, जाड, दुहेरी टिपेचं जॅकेट आणलं. खांद्यांत, कोपरांत, पाठीत पॅड बसवलेले. मास्तरणीने ते मुठीत दाबलं, ओढून पाहिलं, हुंगलंसुद्धा. "हं, याला म्हणतात चामडं." मग लेकीच्या जुन्या कोटावरून गुपचूप घेतलेल्या मापांची चिठ्ठी तिने पुढे केली.

"हे उभ्याचं माप झालं, ताई."

"मग काय आडवं पाडून घेऊ?"

"गाडीवर बसवून घ्यायचं. हात हँडलला, पाय वर. नाहीतर बाह्या चार बोटं चढतात आणि मागून कंबर उघडी पडते."

मास्तरीण ओशाळली. अहो, बावीस वर्षं बसणाऱ्यांसाठी कापड बेततेय ही बाई, आणि तिला एवढं सुचू नये? पाठोपाठ पुढचंही ध्यानात आलं. गाडीवर बसवायचं म्हणजे अंगणात, नवऱ्याच्या डोळ्यांदेखत. निघताना हळूच लेकीच्या हातात पिशवी द्यायचा बेत पार बारगळला.

"बाजूला काढून ठेवा," ती म्हणाली. "तासाभरात येते." आणि घरी जाताना रस्ताभर पुटपुटत राहिली, "चोरून कशाला द्यायचं? कुणाच्या घरी दरोडा घातलाय का आम्ही?"

नवरा पायरीवर पेपर वाचत बसला होता. त्याच्याकडे न बघता तिने हाक मारली, "ए पोरी, बाहेर ये! गाडीवर बस."

पेपर खाली आला. "काय चाललंय?"

"माप घेतेय. जॅकेट घेतेय तिला."

"मी काय बजावलं होतं?"

"ऐकलं होतं. परवा निमूट ऐकून घेतलं, तेच माझं चुकलं."

त्याचा चेहरा लालबुंद झाला. "आणि पडली म्हणजे?" बोलता बोलता त्याचा आवाज फाटला.

तिला त्याची मायाच आली. पण मागे हटेल तर ती मास्तरीण कसली! "भीती मलाही वाटते. म्हणून मी जाड कातडं शोधते, तुमच्यासारखं पोरीला दार बंद करत नाही. ती येईल तेव्हा याच दारातून आत येईल. घर माझंही आहे."

तो ताडकन उठला. आत जाऊन त्याने दार आपटलं.

लेक गाडीवर बसली. तिने गाडी स्टँडवरून सरळ केली, पण दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवलेले. नजर बंद दाराकडे.

"तिकडे काय बघतेस? पाय वर घे. चालवताना बसतेस तशी बस."

"आई, जड आहे गं. पडेल."

मास्तरणीने पाय फाकवून रोवले, गाडीचा सगळा भार आपल्या कमरेवर तोलून घेतला आणि दोन्ही हातांत टेप ताणली.

"मी धरलीय. घे पाय वर."

लेकीने पाय वर घेतले.