वडिलांची कंबर

"काय गं, वडिलांची कंबर काय म्हणते?"

गणिताच्या सरांनी मौनीबाईच्या बाकाशी थांबून विचारलं. हे नाव वर्गानं ठेवलेलं; ती कुणाशी बोलायचीच नाही. तिचे वडील ती लहान असतानाच वारले होते. सरांनी दुसऱ्याच कुठल्या मुलीशी तिची गल्लत केली होती, हे उघड होतं. पण सर वाकून, उत्तराची वाट बघत उभे होते.

"बरी आहे, सर," ती म्हणाली.

झालं! सर रोजच विचारू लागले. तास सुरू करण्याआधी वर्गभर फिरून एकाच्या सायकलची, दुसऱ्याच्या मांजराची विचारपूस करायची त्यांना खोडच होती. "शिकवणं कमी, गप्पाच फार," म्हणून मुख्याध्यापक कुरकुरायचे. मौनीबाई मात्र त्या एका प्रश्नासाठी अंगात ताप असला तरी शाळेत यायची. कंबर कधी उतारावर असायची, कधी पुन्हा धरायची. "ओझं उचलू देऊ नकोस हं त्यांना," असं बजावत सर बोलता बोलता तिच्या वहीत डोकवायचे. त्यांना कोरं पान दाखवायची लाज वाटे, म्हणून ती घरी गणितं सोडवायला बसू लागली, आणि ती सुटूही लागली. आज ती नर्स आहे, दिवसभर लोकांच्या कंबरांची चौकशी करते. पण तेव्हा त्या एका वाक्यापुरते आपल्याला वडील असायचे, ते सुख तिला पुन्हा कशात मिळालं नाही.

मग एकदा प्रगतिपुस्तकावर सही करायला आई शाळेत आली. सर लगबगीनं पुढे झाले.

"पोरीनं नाव काढलं हो! आणि यजमानांची कंबर? पडला ना उतार?"

"ते जाऊन कितीतरी वर्षं झाली, सर," आई म्हणाली आणि लेकीकडे बघत राहिली. लेकीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

घरी आई त्यावर एक शब्द बोलली नाही. शाळेत सरही बोलेनात. तिच्या बाकाजवळ आले की फळ्याकडे वळायचे. आपण खोटारड्या निघालो, सरांनी आपलं नाव टाकलं, असंच तिनं धरलं. आता गणितं सोडवायची ती कुणासाठी? चाचणीत तिनं कोरा कागद दिला.

शाळा सुटल्यावर तो कागद घेऊन सर तिच्या बाकावर येऊन बसले. कानापर्यंत लाल झाले होते.

"चुकलो गं पोरी. भलत्याच माणसाची कंबर तुझ्या गळ्यात मारली. तुला तोंड कसं दाखवावं, तेच कळेना. आता काय विचारू तुला?"

"काहीही विचारा, सर," ती रडू आवरत म्हणाली. "पण विचारा."

सरांनी तो कोरा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"कसे होते गं ते?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. घरात तो विषय निघाला की आई उठून जायची.

"त्यांना शिट्टी वाजवता यायची नाही," ती म्हणाली. "तोंडातून नुसती हवा यायची. तरी वाजवायचे. गाणं कुठलं, ते मी ओळखायचं."

"मग? यायचं ओळखता?"

"छे!" म्हणत ती हसली. त्या शाळेत ती अशी पहिल्यांदाच हसत होती.

बाहेर शिपाई एकेक खोलीला कुलूप लावत दारापर्यंत आला. सरांनी त्याला हातानंच थांबवलं.

"हं, पुढे सांग," ते म्हणाले.