नळी कुणी चावली?

आमच्या सासूबाईंच्या तोंडी लागू नये, हे कोरियातल्या जिरीसान डोंगराच्या या उतारावर सगळ्यांना ठाऊक आहे. अस्वलाला मात्र कुणी सांगितलं नसावं.

बर्फ वितळायला लागलं की आम्ही मेपलच्या झाडांना नळ्या लावून रस काढतो. गोरोस्वे म्हणतात त्याला, म्हणजे हाडांना बळ देणारं पाणी. त्या सकाळी वर गेलो तर नळीचे चावून तुकडे केलेले, पिंप आडवं आणि बर्फात पंजांचे ठसे. माझं डोकंच फिरलं. तिथूनच राष्ट्रीय उद्यानाच्या कचेरीत फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले.

दुपारी प्योसाहेब आले. उद्यानातल्या अस्वलांवर लक्ष ठेवायचं काम त्यांचं. त्यांनी कागद पुढे केला.

"एक्काहत्तर नंबरचं अस्वल आहे. ही त्याच्यावरची तिसरी तक्रार. इथं सही करा, भरपाई मिळेल."

"आणि त्याचं काय?" सासूबाईंनी विचारलं.

"तीन झाल्या की पिंजरा. जन्मभर."

मी पेन उघडलं होतं, ते हातातच राहिलं. मला त्याला अद्दल घडवायची होती, जन्मठेप नव्हती द्यायची.

"कुठलं अस्वल?" सासूबाई म्हणाल्या. "नळी मी चावली."

"आजी, थट्टा नको."

"थट्टा कसली? तहान लागली, चावली. नळी माझी, दात माझे."

"आणि पावलांचे ठसे?"

"पाय सुजलेत माझे."

प्योसाहेबांना हसू आवरेना, पण कागद काही ते मागे घेईनात. तशा सासूबाई कडाडल्या. "याच डोंगरात माझ्या बापानं अस्वलीण मारली. तिचं पित्त औषधवाल्याला विकून मला शाळेचे बूट आणले. मी ते घालून मिरवले! हाडांचं पाणी म्हणता ना? मग त्याला काय हाडं नाहीत? पिऊ दे की पोटभर!"

"मला कळतंय हो, आजी. पण वरिष्ठांना काय लिहू? हे दात तुमचे नाहीत, हे आंधळाही सांगेल."

सासूबाईंनी कवळी काढली आणि नळीच्या तुकड्यावर दाबली. सुळ्यांची भोकं आरपार गेलेली, कवळीनं साधा ओरखडा उठेना. बोळक्या तोंडानं त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

मी कागदाची घडी घालून साहेबांच्या खिशात कोंबली. नळीचं दुसरं टोक उचललं, दाढेखाली धरलं आणि कचकन चावा घेतला.

"लिहा साहेब. सुरुवात सासूनं केली, बाकीची सुनेनं फाडली. आणि हेही लिहा, सुनेचे दात स्वतःचे आहेत."