बाकावर, त्यांच्या शेजारी

भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटं नाही. ऑर्गनवाल्या बाईंनाच विचारा.

बावीस वर्षं त्या चर्चमधला ऑर्गन वाजवत होत्या. लग्न असो, मयत असो, बाप्तिस्मा असो, कुणी नुसतं "बाई, जरा..." म्हटलं की यांचं "बरं" तयार! समोरच्याचं वाक्यसुद्धा पुरं होऊ द्यायच्या नाहीत. पाठीमागे लोक त्यांना 'होबाई' म्हणत, आणि म्हणणाऱ्यांत त्यांच्याकडून फुकट पडदे शिवून घेतलेलेही होते. बोट दिलं की माणसं हात धरतात, त्यात नवल ते काय?

ऑर्गन वेदीच्या डाव्या अंगाला होता, भिंतीकडे तोंड करून. वाजवणारीची पाठ लोकांकडे. त्यामुळे लग्न झाल्यापासून एकाही रविवारी बाई नवऱ्याच्या शेजारी बसल्या नव्हत्या. नवरा बस चालवायचा, म्हणून सगळ्यांचे ते ड्रायव्हरसाहेब. तिसऱ्या बाकावर खिडकीच्या कडेला एकटे बसायचे. घरी मात्र गाण्याचं नाव काढायचे नाहीत. "मी गर्दीतला गायक," म्हणायचे. दोनशे आवाजांत यांचा कुठला, ते ओळखायचा बाईंनी किती वेळा प्रयत्न केला! पाय भात्यावर, हात पट्ट्यांवर आणि कान मागे. छे, सापडायचाच नाही. मग त्यांनी आपल्या मनानं एक आवाज ठरवून टाकला, खोल आणि भरदार, आणि त्यालाच नवऱ्याचा मानून त्या वाजवत राहिल्या.

आता ड्रायव्हरसाहेबांच्या घशात गाठ निघाली होती. येत्या सोमवारी शस्त्रक्रिया. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

मंगळवारी जेवताना ड्रायव्हरसाहेब ताटाकडे बघत म्हणाले, "या रविवारी माझ्याशेजारी बसशील का गं? एकदा तुझ्यादेखत गातो." आणि लगेच, "पण चर्चमध्ये कुणाला सांगू नकोस हं. सगळे माझ्याकडे बघत बसले तर मला गाताच येणार नाही." बाईंनी शब्द दिला. मग मीठ आणायच्या निमित्तानं आत गेल्या आणि पोटभर रडून आल्या.

आणि बुधवारी या बाईनं काय करावं? चर्चच्या पाळकांचा फोन आला, "बाई, रविवारी वर्धापनदिन, बिशप येताहेत, चार गीतं आहेत..." आणि ही म्हणते, "बरं!" कपाळ माझं! फोन ठेवला आणि तिथल्याच स्टुलावर मटकन बसल्या. बावीस वर्षांची सवय. मनाच्या आधी तोंड बोलून गेलं होतं.

गुरुवारी सकाळी नवरा अंघोळीला गेल्यावर त्या खाटेपाशी गुडघे टेकून बसल्या. एरवी त्या देवापाशी सगळ्यांचं सगळं करायची शक्ती मागायच्या. आज म्हणाल्या, "देवा, मला नाही म्हणता येत नाही रे. जीभच रेटत नाही. तूच शिकव." आकाशातून काही उत्तर आलं नाही. पण शुभवर्तमानातला एक प्रसंग आठवला, आणि त्यांनी चपला घातल्या.

पाळक म्हणजे वाईट माणूस नव्हे हो, नुसता सवय लागलेला.

"साहेब, रविवारी मी वाजवणार नाही. काल बरं म्हटलं, ती माझी चूक."

पाळकांना आधी थट्टाच वाटली. मग त्यांनी चष्मा काढला. "का हो बाई? कुणी काही बोललं का?"

"कारण सांगायचं नाही मला."

"अहो, पण हे देवाचं काम आहे!"

झालं! बाईंना घायाळ करणारा बाण तो हाच. "बरं" अगदी ओठांपर्यंत आलं. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"साहेब, प्रभू पहाटे एकांतात प्रार्थनेला गेले होते, तेव्हा शिष्य शोधत आले. म्हणाले, सगळे तुम्हाला शोधताहेत. मग प्रभू परत गेले का?"

"नाही. दुसऱ्या गावांकडे गेले."

"आणि बरं व्हायच्या आशेनं मागे राहिलेले आजारी?"

पाळक चष्मा पुसू लागले.

"त्यांच्यावर प्रेम नव्हतं का प्रभूचं?" बाईंनीच पुढे विचारलं. "होतंच की. तरी ते परत फिरले नाहीत. मग मी साधी बाई सगळ्यांना कुठवर पुरायची?"

"गाऊ मग ऑर्गनशिवाय," पाळक जरा घुश्शातच म्हणाले. घुस्सा तर घुस्सा! बाहेर पडताना बाईंना पाठीवरचं पोतं उतरवल्यासारखं वाटत होतं.

रविवारी त्या तिसऱ्या बाकावर बसल्या. माना वळल्या, कुजबूज झाली, मग थांबली. पाळकांनी पहिल्या गीताला सूर दिला. ड्रायव्हरसाहेबांनी तोंड उघडलं.

बेसूर! दुखण्यानं आवाज घोगरा झाला होता, ते राहू द्या. पण चालसुद्धा भलतीच. सगळे वर चढायचे तिथे हे खुशाल खाली उतरत होते. बाईंनी इतकी वर्षं मनाशी धरलेला तो भरदार आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी होता. त्या वळून बघतच राहिल्या.

पुढच्या बाकावरची म्हातारी मागे वळून हळूच म्हणाली, "पहिल्यापासून असंच गातात हो. आम्हाला सवय झालीय."

सवय! म्हणजे सगळ्या बाकांना हा आवाज ठाऊक होता, एक बाईंना सोडून. बावीस वर्षं दर रविवारी ज्यांनी ज्यांनी तो ऐकला, त्या सगळ्यांचा त्यांना इतका हेवा वाटला की डोळ्यांपुढचं गीतांचं पुस्तक दिसेना. त्यांना आणखी हजार रविवार हवे होते. हातात तीन गीतं आणि हे अर्धं उरलं होतं.

दुसऱ्याचा सूर जरा हलला तरी कपाळाला आठ्या घालणाऱ्या बाई. पण पुढच्या कडव्याला त्यांनी खरी चाल सोडून दिली, आणि जिथे ते उतरले तिथे उतरत, त्यांच्यासारखंच चुकीचं गायला लागल्या.