डावीकडची चुणी

खट्. सासूबाईंनी शिलाई मशीनचा दिवा लावला आणि तो माझ्या छातीवर वळवला. मांडीवरचं बाळ दचकलं, पण प्यायचं थांबलं नाही.

बाळंतपणानंतर माझ्या छातीवर रेघा उमटल्या होत्या, निळ्या नसा दिसत होत्या, बोंडाभोवती बारीक दाणे आले होते. नर्सनं पाहून सांगितलं होतं, हे सगळं नेहमीचं. पण तीस वर्षं बायकांचे कपडे शिवणाऱ्या सासूबाईंना दुसऱ्याच्या तपासणीवर भरवसा नाही.

"ताणाच्या रेघा. दुधाच्या नसा," म्हणत त्यांनी खडूनं माझ्यावर बरोबरच्या खुणा केल्या. "लाजतेस काय? हे बघ माझं. सैल पडलंय, एवढंच." ब्लाउज सोडून त्यांनी दोन्ही हात वर केले.

डावीकडची कातडी आत ओढली गेली.

"आई, ही चुणी कधीपासून?"

"दोनेक महिने. दुखत नाही गं."

"चुणी कुठे दुखते? आतला धागा ओढला की पडते. तुम्हीच शिकवलंत." मी खडू घेतला आणि तिथे फुली मारली.

चूक झाली. फुली पडलेला नग दाराबाहेर जात नाही, हा त्यांचा नियम. चार दिवस त्या दुरुस्तीचे कपडे ठेवायच्या खुर्चीत बसून राहिल्या. फुली पुसू देईनात, डॉक्टरकडे येईनात.

पाचव्या दिवशी मला आठवलं, बाहेर दुरुस्तीला जाणारा नग चिठ्ठी लावून जातो. मी लिहिलं, 'डावी बाजू. हात वर केल्यावर चुणी. दोन महिने.' चिठ्ठी टाचणीनं त्यांच्या खांद्याला लावली. त्या निमूट उठल्या, चपला घातल्या.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी वाचली, मग खडूची फुली पाहिली. हसल्या नाहीत.

"खूण बरोबर जागी केलीय. नवी चुणी दुखत नसली तरी दाखवायचीच असते. मॅमोग्राम आजच करू."

"म्हणजे काय करणार?"

"दोन सपाट प्लेट्समध्ये छाती दाबून एक्स-रे फोटो."

"इस्त्री म्हणा की," सासूबाई म्हणाल्या. माझा हात मात्र त्यांनी सोडला नव्हता. तो सोडवून नर्स त्यांना आत घेऊन गेली. दार लागलं.

चार वर्षांची माझी लेकही आमच्याबरोबर आली होती. तिनं माझी ओढणी ओढली.

"आई, आजीला होती तशीच परत देणार ना?"