कोराडीची वाट

चंद्रभाननं नारळ कानाशी धरून हलवला. आत पाणी खळखळलं, तसा तो पिशवीत टाकून त्यानं दुकानदाराकडे न बघताच पैसे दिले. दुकानदाराची दोन्ही मुलं त्याच्याच शाळेत होती. विज्ञानाच्या मास्तरांनी नवरात्रात नारळ घेतला, ही बातमी संध्याकाळपर्यंत पाचपावलीभर होणार, हे त्याला ठाऊक होतं.

होईना का. त्याचं अपेंडिक्स पोटातच फुटलं होतं. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. ऑपरेशनच्या रात्री माय दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून होती. तिनं कोराडीच्या देवीला नवस केला असणार, यात त्याला शंका नव्हती. आणि तो फेडायचा विषय आपल्यापुढे काढायची तिची हिंमत होत नसणार, यातही नव्हती.

लहानपणी दर नवरात्रात तो तिच्याबरोबर कोराडीला पायी जायचा. पहाटे निघायचं. सदरची वस्ती मागे पडली की दोन्ही बाजूंना ज्वारीची शेतं लागायची, कणसांवर दव असायचं. माय अनवाणी चालायची आणि चालता चालता देवीची गाणी म्हणायची. तो थकला की त्या गाण्यात ती त्याचं नाव गुंफायची. तेवढ्यासाठी तो थकल्याचं सोंग करायचा. देवळामागच्या तळ्याकाठी ती शिदोरी सोडायची; तिचा स्वतःचा उपास, पण त्याच्यापुरती भाकर आणि ठेचा बांधून आणलेला असायचा. ती चव त्याला पुन्हा कुठल्याच भाकरीत सापडली नाही.

मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी माय हरखून कोराडीला निघाली, आणि तो दारात आडवा उभा राहिला.

"कंदिलापुढं डोळे मी फोडले. तुह्या देवीनं काय केलं? आजपासून माह्या नावानं तिले काही मागाचं नाही."

नंतरही माय कोराडीला जात राहिली, पण एकटी. तो गेला एकदाच, शाळेची सहल घेऊन, नवं वीजकेंद्र बघायला. मुलांना त्यानं उंच चिमण्या दाखवल्या. देवळाकडे मान वळवली नाही.

नारळ घेऊन तो घरी आला तेव्हा त्याची माय, रुखमाबाई, ओसरीत रहाट फिरवत होती. नवरा गेल्यावर घरातला हातमाग विकला गेला होता, तरी शेजारच्या मागवाल्यांना ती सूत भरून द्यायची. चंद्रभाननं नारळ तिच्यापुढे ठेवला.

"हे काय गा?"

"उद्या सुट्टी हाय. चाल, कोराडीले जाऊ."

"कशाले?"

"नवस फेडाले. मले मालूम हाय. मी काही म्हणत नाही."

रुखमाबाईनं रहाट थांबवला.

"म्या नवस केलाच नाही."

"खोटं नको बोलू वं माय."

"तुह्यासंग खोटं काहून बोलू? तूच म्हटलं होतं ना, माह्या नावानं काही मागू नको म्हणून."

"किती वर्सं झाली त्याले!"

"झाली असतील. मंग माग, असं तं तू कधी म्हटलं नाही."

चंद्रभान उभाच राहिला. रुखमाबाईनं तुटलेलं सूत बोटांनी जोडायला घेतलं आणि त्याच्याकडेच बघत हळूहळू बोलू लागली.

"दवाखान्यात शेजारची इंदुताई बाजूले बसली होती. म्हणे, बाई, दोन शब्द बोल देवीले, पोरगं आतमंदी हाय. माहे हात आपोआप जुळून राहिले होते. मंग मी पदर मुठीत गच्च धरून बसली. म्हटलं, त्याले न इचारता मागितलं, अन् तो उठून बसला, तं त्याच्या तोंडाकडं कसं पाहू?"

"मंग तू करत काय होती तिथं?"

"काय करणार? दाराकडं पाहून राहिली होती."

तो खाली, तिच्याशेजारी बसला. दवाखान्यात ग्लानीत असताना एका गोष्टीचा त्याला मोठा आधार वाटला होता, आणि ती त्यानं कुणालाच सांगितली नव्हती, स्वतःलाही नीटशी नाही. बाहेर माय आपल्यासाठी देवीशी भांडत असणार, सोडणार नाही ती, असं त्याला सारखं वाटत होतं. त्या विचाराला धरून त्यानं ती रात्र काढली होती.

आणि बाहेर ती पदर मुठीत धरून बसली होती.

गल्लीतून मागाचा खटखटाट येत होता.

"माय," तो शेवटी म्हणाला, "पुढच्या बारीले माग."

रुखमाबाईनं झटकन वर पाहिलं.

"पुढची बारी काहून येईल गा? काय बी अभद्र बोलतं!"

आणि तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, लहानपणी घालायची तसाच, फक्त फार हळू. मग तो हात तिनं तिथून काढला नाही.