रिकाम्या पाठीने

मित्रांनो, माझ्या मालकिणीच्या नातवाचं, फाइटचं वागणं मला मुळीच पटलेलं नाही. त्याने माझ्यात प्लॅस्टिकची द्राक्षं भरली आणि मला पुढच्या खोलीत भिंतीला टांगलं. मी एक जुनी टोपली आहे, पाठीला बांधायची. शोभेची वस्तू नव्हे.

जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या वाळुंजाच्या फोकांनी मला माझ्या मालकिणीच्या, अपोलोनियाच्या बापाने विणलं, तिच्या पाठीच्या मापाने. आमची द्राक्षबाग उभ्या उतारावर. तिथे माती थोडी आणि काळ्या दगडाच्या चिपा फार. शाळेतली जुनी पाटी ज्या दगडाची असे, तोच हा. मी शाळा पाहिलेली नाही, पण हा दगड मला विचारा. दिवसभर ऊन पितो आणि ऊन उतरलं की वेलींना ऊब देतो. पाणी साचू देत नाही, म्हणून मुळं खोल जातात. द्राक्ष बारीकच राहतं, पण त्याची वाइन जिभेवरून हलत नाही.

पावसाने चिपा खाली घसरत. म्हणून आमच्या गावात बागेत रिकाम्या पाठीने कुणी चढत नसे. साठ वर्षं अपोलोनियाने घसरलेल्या चिपांनी मला भरून परत वर नेलं. शेजारचा उर्बान चिडवायचा, "अगं, डोंगर हुंड्यात मिळालाय का तुला?"

"तुला फुकट मिळालाय, म्हणून तुझा नदीत चाललाय," ती म्हणायची.

मग तिचे गुडघे गेले आणि बाग नातवाकडे, या फाइटकडे आली. चिपांनी यंत्राची पाती मोडतात, असं त्याचं म्हणणं. त्याने चिपा वेचून घरापुढे, गाड्या लावायच्या जागेवर पसरल्या आणि नदीकाठचा गाळ वर नेऊन ओतला. वेली तरारल्या, घड टपोरे झाले. गावाने त्याची पाठ थोपटली. घरात बसून असलेल्या अपोलोनियाला मात्र हे कुणी सांगितलं नाही.

पुढे अपोलोनियाने अंथरूण धरलं. ते पुढच्या खोलीत, माझ्याच खाली घातलं होतं. अन्न जात नव्हतं. तिने एकच मागितलं, उतारावरची नवी वाइन एकदा चाखायची. फाइटने ग्लास तिच्या ओठांना लावला. तिने घोट बराच वेळ तोंडात धरला.

"हे नदीकाठच्या गाळातलं आहे, आपल्या दगडातलं नाही," ती म्हणाली. "उतार विकलास ना रे?"

"नाही ओमा. शप्पथ. आपलाच आहे."

"मरणाऱ्या आजीशी खोटं बोलू नये, बाळा."

तिने तोंड फिरवलं. फाइट तीन दिवस शपथा घेत होता. चौथ्या दिवशी ती गेली, आपली बाग परक्याच्या हाती गेली असं समजून. जाताना एकदा तरी माझ्याकडे बघेल, असं मला वाटलं होतं.

मित्रांनो, ज्या मातीने तुम्हाला वाढवलं, तिला सुधारायला निघण्याआधी ती कशी आहे ते तरी नीट बघा.

आज फाइट धूळ पुसायला आला आणि माझ्या पट्ट्यांवर हात ठेवून तसाच उभा राहिला. मग मी बोलले.

"फाइट, तू उतार विकला नाहीस, हे मला माहीत आहे. पण तिची जीभही चुकली नव्हती. तो उतार आता वर नाही. तुझ्या गाड्यांखाली पडलाय."